वहीचं पहिलं पान

दरेकशाच्या आमच्या अंगणातून मी तीन महिने एका लाल, थंड ताऱ्यावर दुर्बीण लावून बसले. त्याच्यावर प्रकाशाचा भडका उडाला, की भिंतीवरच्या घड्याळात वेळ पाहायची आणि वहीत लिहायची. त्याच तारखांना एक उपग्रह त्याच ताऱ्याचे क्ष-किरण मोजत होता. दोन्ही नोंदी जुळवायला म्हणून कॉलेजातले आमचे सर माझी वही घेऊन गेले.

वर्षभरानं वही पोस्टानं परत आली, सोबत सरांचा छापून आलेला शोधनिबंध. या ताऱ्यावर क्ष-किरणांच्या पाच मिनिटं मागून दृश्य प्रकाश भडकतो, हा म्हणे जगावेगळा शोध. लेखन सरांचं. निरीक्षणंही सरांचीच.

"तुझं नाव काऊन नाई यात?" बाबांनी विचारलं.

मी वही उघडली. माझ्या नावाचं पहिलं पान पट्टी लावून नीट फाडलेलं होतं.

"सरले फोन लावून विचार ना!"

"नको बाबा. तिथं त्यांचं एकट्याचंच नाव राहू द्या."

त्या पानावर नावाखाली मी लिहिलं होतं: 'गाडी चुकू नये म्हणून बाबा घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवतात. प्रत्येक वेळेतून तेवढी वजा करावीत.'