खोबरेल

अर्बाबचं, म्हणजे आमच्या अरब मालकाचं, छोटं पिस्तूल पुन्हा माझ्याकडे दुरुस्तीला आलं. "बेडरूममध्ये अडकतं," एवढीच त्याची तक्रार. स्प्रिंग बदलली, मॅगझिन बदललं, गोळ्याही बदलून झाल्या. मस्कतच्या उन्हात, आमच्या नेमबाजीच्या रेंजवर मात्र एकदाही अडकत नव्हतं. डोकं पिकलं माझं! आज उघडलं, तर आत खोबरेलाचा वास.

ते न्यायला अर्बाबचा स्वयंपाकी रमण आला. आपला रत्नागिरीचाच, म्हणून जास्तच भडकलो.

"अरे, पिस्तुलाला खोबरेल लावतोस? एसीत थिजतं ते! मग अडकणार नाही तर काय?"

"म्हणूनच लावतो, दादा," तो हळूच म्हणाला. "मॅडम वारल्यापासून अर्बाब दार लावून एकटेच बसतात. बेडरूममध्ये पिस्तूल कशाला चालवून बघता, असं विचारलंत त्यांना कधी?"