मर्तिकाची बिअर

तांब्याची नळी जाळात धरून गुन्वोर ती वीत-वीत पुढं सरकवत होती. लाल झालेला भाग बाहेर आला की जरा निवू द्यायचा, मग दुधाच्या रिकाम्या कॅनभोवती गुंडाळायचा. भाजलेलं तांबं मऊ पडतं, वळवावं तसं वळतं. तरी तिच्या बोटांची सालं निघाली होती.

नळी तळघरातल्या मोडक्या बंबाची. शेजारी दोन रबरी नळ्या पडल्या होत्या. गाई विकल्यापासून त्या दूध काढायच्या यंत्राला नुसत्याच लटकत होत्या. बाजूच्या मोठ्या हंड्यात माल्टचा, मोड आणून वाळवलेल्या सातूचा, काढा सकाळपासून उकळत होता. आज तो निववून यीस्ट घातलं, तर शनिवारपर्यंत बिअर तयार होणार होती. शनिवारी तिच्या नवऱ्याला, आस्लाकला, पुरायचं होतं, आणि या खोऱ्यात घरची बिअर घेतल्याशिवाय कुणी मयताच्या घरून उठत नसे.

दारात काठी वाजली. आस्लाकची बहीण मारित आत आली आणि वेटोळ्याकडं बघत उभी राहिली.

"हे काय आरंभलंयस, वहिनी?"

"काढा गार करायला."

"दुकानातून चार खोकी आणली तर नावं कोण ठेवणार आहे?"

"तुझा भाऊ."

मारित काठी भिंतीला टेकवून बाकावर बसली.

दरवर्षी नाताळच्या आधी नवरा-बायको उकळता काढा दुधाच्या कॅनमध्ये भरून खालच्या ओढ्यावर न्यायची. कॅनचा एक कान त्याच्या हातात, दुसरा हिच्या. तो भराभरा चाले, ही त्याला शिव्या घाले. कॅन ओढ्यात उभा केला की थंड होईतोवर दोघं काठावरच्या दगडांवर बसून राहत. फारसं बोलत नसत.

"एक कान मी धरते की," मारित म्हणाली.

"तुला काठीवाचून चालवत नाही. अंगावर सांडून घेशील, मग मला दोन मर्तिकांची बिअर करावी लागेल."

मारितला हसू फुटलं. गुन्वोरही हसली.

गुन्वोरनं वेटोळं हंड्यात सोडलं. एक रबरी नळी तोटीला जोडली, दुसरी उंबऱ्यावरून अंगणात काढली आणि तोटी सोडली. ओढ्याचं पाणी सूं करत आत शिरलं आणि पहिल्याच सांध्यातून कारंजं उडून तिचं तोंड, एप्रन सगळं भिजलं. ट्रॅक्टरच्या ट्यूबची पट्टी कापून तिनं सांधा करकचून बांधला. पुन्हा तोटी सोडली. या वेळी थेंबही गळला नाही. अंगणात निघालेल्या पाण्याची वाफ उठली आणि हंड्यावरची हळूहळू बसत गेली.

"चाललं की गं," मारित म्हणाली. "कुणाचा हात लागला नाही. एकटीनं केलंस."

"हो," गुन्वोर म्हणाली. "एकटीला जमतं."

हे बोलली आणि ती उंबऱ्यावर बसली. थोडा वेळ तिचे खांदे नुसते हलत होते. मारित उठली नाही. अशा वेळी गुन्वोरला कुणी हात लावलेला चालत नाही, हे तिला ठाऊक होतं.

मग गुन्वोरनं अंगणातल्या धारेखाली हात धरला. पाणी कढत होतं. तिनं हात झटकला, पुन्हा धरला. थोड्या वेळानं पाणी सोसवू लागलं. मग ते ऊन झालं, मग कोमट. तिनं बोटं अर्धवट मिटून घेतली आणि पाणी तळव्यातून वाहू दिलं.

मारितनं पळीत काढा घेऊन कोपरावर थेंब टाकला.

"धारोष्ण दुधाइतका झालाय. बंद करू?"

गुन्वोरनं मानेनंच नको म्हटलं.

"वहिनी, याहून गार पडला तर यीस्ट धरायचं नाही. एवढी मेहनत वाया जाईल."

"अजून ऊब आहे."

मारित भिंतीला धरत तोटीपाशी गेली. तिनं तोटीवर हात ठेवला. "सोड आता, गुन्वोर. गार पडलंय," ती हळूच म्हणाली.

गुन्वोरनं मान वर केली नाही. हात धारेतच होता.

"त्या पहाटे पलंगापाशीही तू हेच म्हणालीस," ती म्हणाली. "तेव्हाही ऊब होती, मारित. मी उगाच त्याचा हात सोडला."

मारितनं तोटीवरचा हात काढून घेतला. ती तिच्याशेजारी उंबऱ्यावर येऊन बसली, आणि पाणी तसंच वाहत राहिलं.