बाहुल्याची माफी

दाऊदच्या मांडीवर बाहुला बसला होता आणि तळोद्याचा अख्खा बाजार त्या दोघांकडे बघत होता. मिरच्यांचे ढीग, मोहाचा जड वास, पेंगुळलेलं ऊन. रात्र कोठडीत जागून काढलेल्या दाऊदला सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं.

ओठ न हलवता तो ज्या बाहुल्याला बोलतं करायचा, त्याला त्यानं कधी नाव दिलंच नव्हतं. पांढरी टोपी, जाकीट आणि ते खाकरून बोलणं बघून लोकच त्याला आबासाहेब म्हणायला लागले. खरे आबासाहेब मंत्री. मागच्या बाजारी बाहुला म्हणाला होता, "डोंगरना रस्ता कागदवर पुरा झाया. आते लोकेस्नी बी कागदवरच चालानं." बाजार पोट धरधरून हसला आणि काल संध्याकाळी दाऊदच्या दारात पोलिसांची जीप आली.

"साहेब, मी कुठं बोललो? तो बोलला!" दाऊद ठाण्यात म्हणाला. खेळातलं त्याचं हे हुकमी वाक्य, भीतीनं तोंडातून सुटलं.

फौजदार हुशार माणूस. जरा जास्तच. "मग माफीही त्यानंच मागायची. त्याच बाजारात, त्याच आवाजात. नाहीतर चुलीत घालतो त्याला."

दाऊदनं कबूल केलं. बाहुल्याचं जाकीट अकिलानं शिवलेलं, त्याच्या बायकोनं. तिच्या हातचं घरात आता तेवढंच उरलं होतं.

म्हणून तो आज इथं बसला होता. समोर खुर्ची टाकून फौजदार. दाऊदनं ओठ मिटले, दोरी ओढली. बाहुल्याचे हात जुळले.

"मायबापहो," तोच घोगरा आवाज निघाला, "मन्हं चुकनं. माफ करा."

कुणी हसलं नाही. मिरच्या तोलणाऱ्याच्या हातात तराजू तसाच लोंबत राहिला. लोक आपल्याकडे बघतच नाहीयेत, हे दाऊदच्या लक्षात आलं. ते आबासाहेबांकडे बघत होते.

गर्दीतून रूपलीबाई पुढं आली. सातपुड्यातल्या वरच्या पाड्यावरची. गेल्या पावसाळ्यात तिच्या बाळंत व्हायला आलेल्या सुनेला बांबूच्या झोळीतून खाली आणताना वाटेतच सगळं संपलं होतं. डोंगरातली माणसं कुणालाही अहो-जाहो करत नाहीत, मग समोर मंत्री असो की देव. ती बाहुल्यापुढं उकिडवी बसली.

"इतलं बोलाले इतला वरीस लागनात तुले?"

दाऊदला वाटलं, आता थांबावं. पण त्याचा गळा त्याचं ऐकेना. "चुकनं माय," बाहुला म्हणाला. "तुन्ही सून वाटमा गयी. मन्हा रस्ता पोचनाच नही."

कुठंतरी एक बाई हुंदका गिळत होती. फौजदार ताडकन उठला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला होता.

"बास! बंद कर ते!"

रूपलीबाईनं मागं वळूनही पाहिलं नाही. पदराच्या टोकानं ती बाहुल्याच्या तोंडावरची धूळ पुसत होती.

"तू थांब रे," ती म्हणाली. "बोलू दे त्याले. आज पहिल्यांदा खरं बोली ऱ्हायना तो."