वाघिणीतले घोडे

आतून पुन्हा लाथ बसली. लाकडी फळी थरारली आणि चाक तपासनिसाचा हातोडा हवेतच थांबला.

मालगाडी सकाळपासून बाजूच्या रुळावर उभी होती. पुढच्या पुलाचं काम निघालं होतं. उद्या दुपारपर्यंत ती हलणार नव्हती. कोळशाच्या इंजिनांचे दिवस होते ते. मालाच्या डब्याला यार्डात सगळे वाघीण म्हणत. एका वाघिणीत मीठ, एकीत सिमेंट, दोघींत इमारती लाकूड. या सातव्या वाघिणीच्या दाराला शिशाचं सील होतं आणि पाटीवर लिहिलं होतं : ‘घोडे, नग अकरा. मालक कोळसा खाण. मुक्कामी पोचल्याशिवाय उघडू नये.’ निघाल्याची तारीख तीन दिवसांपूर्वीची होती.

तपासनिसाने फटीला डोळा लावला. गरम, आंबूस वाफ तोंडावर आली. आत कुणीतरी सारखी फळी चाटत होतं.

“सील खाणीचं, घोडे खाणीचे. आपण नुसते हमाल,” स्टेशन मास्तर म्हणाला. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून त्याने खाणीला दोन तारा केल्या होत्या, उत्तर एकीचंही नव्हतं. “फोडलं तर माझी नोकरी जाईल आणि तुमचीही.”

दुपारी तपासनिसाची बायको त्याचं जेवण घेऊन आली. घोड्यांचं कळल्यावर तिने तांब्यातलं पाणी फटीतून ओतून पाहिलं. एक जीभ बाहेर आली. अर्धं पाणी फळीवरच सांडलं.

“चाक बिघडलं तर वाघीण रिकामी करता ना तुम्ही?” तिने विचारलं.

“करावीच लागते. नियमच आहे.”

“आणि आतलं जनावर बिघडलं तर?”

त्याने जेवण तसंच बाजूला सारलं.

एकतीस वर्षं तो चाकं वाजवत आला होता. धड चाक घंटेसारखं खणखणतं, तडा गेलेलं फुटक्या मडक्यासारखं बद्द बोलतं. त्याने बिघडलेलं, यार्डाच्या भाषेत आजारी, ठरवलेलं चाक कधी धड निघालं नव्हतं आणि धड म्हणून सोडलेलं कधी वाटेत मोडलं नव्हतं. याच्या कानावर गाड्या धावतात, असं यार्डात म्हणत. त्याला ते आवडायचं. तेवढीच त्याची कमाई होती.

तो उठला आणि सातव्या वाघिणीच्या तिसऱ्या चाकावर त्याने हातोडा मारला. सगळ्या यार्डाला ऐकू जाईल अशी खणखणीत घंटा वाजली. त्याने खिशातून खडू काढला आणि फळीवर ठळक अक्षरांत लिहिलं : ‘आजारी’.

“अहो, मी बहिरा नाही,” मास्तर हळूच म्हणाला.

“मग तुम्ही लिहा, बरी आहे म्हणून. आणि खाली सही करा.”

शेवटी मास्तर म्हणाला, “कान तुमचा. मला काय कळतंय त्यातलं?” आणि निरीक्षकाला तार करायला गेला.

सील तोडलं. दहा घोडे उतरले. जन्मभर खाणीतल्या अंधारात गाड्या ओढलेले. उन्हात उभं राहायचं कसं तेच त्यांना सुचेना. मग त्यांना इंजिनांच्या पाण्याच्या हौदाचा वास लागला. दहाही माना एकदम खाली गेल्या आणि कितीतरी वेळ वर आल्या नाहीत. अकरावा वाघिणीच्या कोपऱ्यात आडवा होता. रात्रीच कधीतरी गेला असावा.

आता राहिला होता निरीक्षक. त्याने स्वतः चाक वाजवून सही केल्याशिवाय आजारी वाघिणीचा कागद पुरा होत नसे. खोटी खूण म्हणजे सरळ बडतर्फी. त्यातून निरीक्षक म्हणजे तपासनिसाचा सख्खा जावई. जावई दहावा ग्रह असतो म्हणतात. हा तर उरलेल्या नवांनाही वेळेवर हजर ठेवणारा. गेल्या वर्षी सासरा वीस मिनिटं उशिरा आला म्हणून त्याने लेखी ताकीद दिली होती, आणि त्यापायी घरी बायकोचा पंधरा दिवसांचा अबोला सोसला होता.

“मी बोलून बघू का त्यांच्याशी?” तपासनिसाच्या बायकोने विचारलं.

“जावयाला भीड घालायची नाही. केलंय ते मी केलंय.”

निरीक्षक चारच्या गाडीने उतरला. कुणाशी न बोलता त्याने हातोडा मागून घेतला. चारी चाकं वाजवली. चारी खणखणली. तिसरं त्याने पुन्हा वाजवलं. मास्तर जमिनीकडे बघत होता. मग निरीक्षक उघड्या दाराशी गेला आणि आत बघत उभा राहिला.

“कुठलं चाक म्हणालात?”

“तिसरं, साहेब.” कामावर सासरा त्याला साहेबच म्हणे.

निरीक्षकाने कागद फळीला टेकवून लिहिला, सही केली आणि मास्तरच्या हातात दिला. मास्तरने मोठ्याने वाचला : “तिसऱ्या चाकाला तडा. दुसरी वाघीण येण्यास किमान दोन दिवस लागतील. तोवर घोडे इथेच मोकळे ठेवून चारापाणी द्यावे.”

तपासनीस पुढे झाला. “जावईबापू,” तो म्हणाला, “माझ्यासाठी तुम्ही खोटं लिहिलंत...”

“तुमच्यासाठी नाही.” निरीक्षकाची नजर अजून आतल्या कोपऱ्यावरच होती. “काल दुपारी ही वाघीण आमच्या यार्डात सहा तास थांबली होती. मी फटीतून मोजले होते. तेव्हा अकराही उभे होते.”