सोफ्यासकट

“माणूस असलेली वस्तू आम्ही उचलत नाही,” मुकादम म्हणाला.

“अहो, तो आत्ता उठेल,” भावोजी म्हणाले.

सोफ्यावरचा मेहुणा उठला नाही. त्याने नुसती कूस बदलली. कण्हला तो सोफा.

दीड वाजला होता. चार वाजता बायको तीन दिवसांच्या बाळाला घेऊन दवाखान्यातून सुटणार होती, आणि पाळणा अजून गॅलरीत उलटा पडला होता. आतल्या खोलीत पलंग आणि कपाट, बाहेरच्या खोलीत सोफा. पाळण्याला जागा एकच, सोफ्याची. बायकोने सकाळीच फोनवर बजावलं होतं, “पाळणा मांडून झाला की कळवा. नाहीतर मी इथूनच आईकडे जाते, बाळ चालायला लागेपर्यंत. आणि हो, दादाला जा म्हणायचं नाही. एकुलता एक भाऊ आहे माझा.”

हा एकुलता एक दादा अकरा महिन्यांपूर्वी आठ दिवसांसाठी आला होता. त्याला गाडीत बसवून दिल्यावर त्याच्या आईने त्याच दुपारी दाराचं कुलूप बदललं, हे भावोजींना फार उशिरा कळलं. तेव्हापासून दादा सोफ्यावर होता. रोज डोक्यावर वाटीभर तेल थापायचा आणि आडवा व्हायचा. डोकं टेकायचं तिथे ताटाएवढा काळा डाग पडला होता. दिवसभर ‘भावोजी, पाणी’, ‘भावोजी, पंखा’ ऐकून आता शेजारीपाजारीही त्यांना भावोजीच म्हणत.

दादाला जा म्हणायचं नाही ना? ठीक. सोफ्याला तर म्हणता येतं! म्हणून भावोजींनी घरातली अडगळ नेणारी गाडी बोलावली होती. आणि दोन हमाल घेऊन आलेला मुकादम नेमकं जे न्यायचं तेच सोडून बोलत होता.

“बरं, दुसरं काही असेल तर दाखवा.”

भावोजींनी गॅलरीतून रंगाचे डबे आणले. मुकादम खिशातून यादी काढेपर्यंत सोफ्यावरून आवाज आला.

“ओला रंग नेत नाहीत. सहावा नियम.”

“ही जुनी बॅटरी?”

“ॲसिड. तिसरा.”

“ट्यूबलाइट तरी?”

“फुटली तर निस्तरणार कोण? तुम्ही?”

मुकादमाने यादी परत खिशात घातली. “यांना आमची यादी पाठ कशी?”

“चार दिवस तुमचं पत्रक भावोजींच्या उशाखाली होतं,” मेहुणा डोळे न उघडता म्हणाला. “सोफा या शब्दाखाली दोनदा रेघ मारलीय. मला वाचायला दुसरं काही नव्हतं.”

भावोजींनी छताकडे पाहिलं. मुकादम मात्र खुर्ची ओढून सोफ्याजवळ बसला.

“साहेब, माझी माणसं भिडस्त हो. कुणी जरा गळ घातली की काहीही गाडीत टाकतात आणि कचरा डेपोत शिव्या मी खातो. मला नाही म्हणणारा माणूस हवाय. गाडीत बसायचं, लोकांच्या दारात जायचं, नाही म्हणायचं.”

अकरा महिन्यांत पहिल्यांदाच मेहुणा दुपारी उठून बसला. “गाडीत आडवं व्हायला जागा आहे?”

“सोफा असला की असते.”

मेहुणा उभा राहिला. भावोजींनी दार सताड उघडलं. हमालांनी सोफा उचलला, जिन्यातून उतरवला, गाडीत चढवला. खिडकीतून भावोजींना शेवटचा दिसला तो सोफ्यावर आडवा मेहुणा, आणि निरोपाचा एक सुस्त हात.

मग त्यांच्या अंगात वारं भरलं. सोफा होता तिथून सहा चमचे, रिमोट आणि त्यांचाच हरवलेला चष्मा निघाला. फरशी पुसली. पाळणा मांडला. एकदा रिकामाच हलवून पाहिला. बायकोला फोन केला.

“ये. जागा झाली.”

“दादाला जा नाही ना म्हणालात?”

“तुझी शपथ. नोकरी लागली त्याला. आपल्या पायांनी गेला.”

फोनवर बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

साडेचारला खाली टॅक्सी थांबली. भावोजींनी केसांवरून हात फिरवला आणि दार उघडलं. जिन्यातून आवाज आला, “जपून! कोपरा सांभाळ!”

आधी सोफा वर आला. पुढच्या टोकाला हमाल होता. मागच्या टोकाला, मुकादमाची टोपी घातलेला, घामाघूम मेहुणा.

“हे काय?” भावोजींचा आवाज चिरकला.

“डेपोने नाकारला. तेल मुरलेलं कापड पेट घेतं. अकरावा नियम. नाकारलेली वस्तू जिथून उचलली तिथेच परत.”

“पण डेपोला कळलं कसं?”

“मी सांगितलं.” मेहुण्याने छाती पुढे काढली. “नोकरीचा पहिला दिवस, भावोजी. खोटं कसं बोलू?”

त्याच्या मागून बाळाला छातीशी धरून बायको वर आली. भावाला काही उचलताना ती जन्मात पहिल्यांदा पाहत होती. तिचे डोळे भरून आले. भावोजींचेही आले.

“तूच बघ आता,” ते म्हणाले. “सांग, पाळणा कुठे…”

“पाळणा गॅलरीत ठेवा हो,” तिने हमालाला सांगितलं आणि बाळ भावोजींच्या हातात दिलं.

सोफा आपल्या जागी बसला. दादा सोफ्यावर बसला, मग आडवा झाला, आणि काळ्या डागावर बरोब्बर डोकं टेकून घोरायला लागला. बाळाने तोंड वाकडं केलं. रडण्यासाठी खोल श्वास घेतला.

“अहो, बाहेर न्या त्याला!” बायको कुजबुजली. “दादाला सकाळी सहाची ड्यूटी आहे.”