टाकीखालचा ठिय्या

पाण्याची जुनी टाकी पाडायचं ठरलं, तसा आकारामअण्णांनी सगळा टाकी चौक डोक्यावर घेतला. "आपल्या लग्नपत्रिकेवर पत्ता काय, तर टाकीसमोर! आधी टाकी झाली, मागनं चौक वसला. इतिहास हाय ह्यो!" म्हणत त्यांनी टाकी बचाव समिती काढली आणि अध्यक्षही आपणच झाले. पाडायच्या दिवशी सकाळीच "टाकीखाली ठिय्या मारतो" सांगून घरातनं बाहेर पडले. बायकोनं, चिमणाबाईंनी, भाकरीचा डबाही बांधून दिला. तारीख आधी दोनदा टळली होती, आजही टळणार याची अण्णांना खात्री होती.

दुपारी कळंबा तलावाच्या काठाला पत्त्यांचा डाव ऐन रंगात आला आणि फोन वाजला. अण्णांनी सोबत्यांना हातानंच गप्प केलं.

"कुठं हायसा?" चिमणाबाईंनी विचारलं.

"कुठं म्हंजे? टाकीखाली! सकाळपासनं जागचा हललो न्हाय. कुणाची टाप हाय टाकीला हात लावायची!"

मग चिमणाबाई अगदी मायेनं म्हणाल्या, "मग लागलं न्हाय न्हवं कुठं? मघाशीच पाडली की ती."