लिंबाएवढं अंतर

नऊ वर्षं खपून विलास खराडेंनी घरामागच्या शेडमध्ये बांधलेली बिनटपाची, दोन सीटची गाडी पहिल्यांदा सुरू झाली आणि जागच्या जागी थांबली.

“चाकांसमोर अडथळा आहे,” गाडी म्हणाली.

अडथळा म्हणजे पूजा करून त्यांच्या बायकोने, मालनने, चाकांखाली ठेवलेली चार लिंबं.

“अहो, लिंबू चिरडल्याशिवाय नवी गाडी बाहेर काढत नाहीत.”

“मला काय सांगतेस? याला सांग.” विलासरावांनी डॅशबोर्डखालच्या काळ्या डब्याकडे बोट दाखवलं. गाडी आपोआप चालवणारा तो डबा पासिंगवाले साहेब सकाळीच बसवून गेले होते. डब्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची परवानगी कुणालाच नव्हती, आणि डबा चालू असला की स्टिअरिंग नुसतं शोभेला. ते सागवानी स्टिअरिंग त्यांनी तीनदा मोडून पुन्हा घडवलं होतं.

“काढू का लिंबं?” मालनने विचारलं.

विलासरावांनी डबा बंद केला. मोटर थांबली आणि स्टिअरिंग हातात मोकळं झालं.

“मागून ढकल जरा.”

“माझे गुडघे बघितलेत का?”

“एवढंच. परत नाही सांगणार.”

मालनने पदर खोचून जोर लावला. गाडी हलली, लिंबं फुटली. विलासरावांनी स्टिअरिंग किंचित डावीकडे फिरवलं, आणि गाडी वीतभर डावीकडे वळली.

त्यांनी हात पुसले, डबा पुन्हा चालू केला आणि खाली उतरले.

“तू बस इथं स्टिअरिंगवर,” ते मालनला म्हणाले. “आता कुठंही बसलं तरी सारखंच.”